सात मागं, सात पुढं

अण्णांना दवाखान्यातून सोडायच्या दिवशी माझ्या वहीत अकरा कामं होती. नववं होतं, करमाडच्या घराला कुलूप. ते धाकट्या भावानं आग्रहानं लिहायला लावलेलं. झटक्यानंतर वडिलांचे हातपाय सावरले होते, पण बोलणं तुटक झालं होतं. भावाच्या मते त्यांचं डोकंच राहिलं नव्हतं. आता शहरात आमच्याकडेच ठेवायचं. अण्णांना करमाडलाच जायचं होतं. शेजारच्या वहिनी दोन वेळचं जेवण द्यायला तयार होत्या. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत असेल तर हरकत नाही.

अण्णा गणिताचे मास्तर. गाडीचा, मीटरचा, समोर येईल तो नंबर फोडायची त्यांना सवय. दोन लहान संख्यांचा गुणाकार निघाला तर ‘फुटतो’, नाहीतर ‘फुटत नाही’. घरचा नियम असा की ज्याला शंका, त्यानं कागदावर भागून बघायचं. मोबाइल चालणार नाही.

त्या सकाळी त्यांनी केसपेपरच्या नंबरावर बोट ठेवलं. ३५९९५१.

“फुटतो,” म्हणाले. मग जरा थांबून, “सात मागं, सात पुढं.”

“ऐकलंस, ताई? हे असं चाललंय.”

मी सातानं भागलं. बाकी चार.

“झालं समाधान?” भाऊ म्हणाला.

“नाही. फुटला तर करमाड. कबूल?”

“आणि नाही फुटला तर कुलूप.”

“व्हय.”

सुटीचे कागद तयार व्हायला वेळ होता. सहाशेचा वर्ग तीन लाख साठ हजार, आणि हा नंबर त्याहून किंचित लहान. म्हणजे फुटणार असेल तर त्याचा एक तुकडा सहाशेच्या आत सापडलाच पाहिजे. स्वतः न फुटणाऱ्या तेवढ्याच संख्या तपासल्या की पुरे. त्यांची यादी केली. एकशे नऊ भरल्या.

अकरा, बाकी नऊ. तेरा, बाकी सात. भागायचं, बाकी लिहायची, काट मारायची.

भाऊ चहा घेऊन आला. “जप कुठवर आला?”

“एकोणऐंशी झाल्या. तीस राहिल्या.”

“ताई, पुरे कर आता.”

“चहा ठेव तिथं.”

५८७, बाकी १२०. आता फक्त दोन उरल्या होत्या. मी पान उलटलं आणि ५९३ नं भागायला घेतलं. बाकी शून्य. भागाकार ६०७.

कागद अण्णांसमोर धरला. ते वैतागलेच. “सांगितलं की. सहाशेच्या सात मागं, सात पुढं.”

आणि मी सातानं भागत बसले होते.

भावानं माझ्या हातातलं पेन घेतलं. खुर्ची ओढून ५९३ गुणिले ६०७ स्वतः केलं, हातचे वर लिहून, शाळेत करायचा तसं. उत्तर केसपेपरशी एकेक आकडा ताडून पाहिलं.

“वहिनींना फोन तू करतेस की मी?”

“तू कर,” म्हटलं आणि नववं काम खोडलं.