जवाईचं वांगं

सर्व सुज्ञ वाचकांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, जुन्या चांदा जिल्ह्यात, वडशापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरच्या एका गावी, माझ्या सासरच्या वाडीत, भर दुपारी एका वांग्याचा खून झाला. खून मी केला. साक्षीदार कोणी नव्हता. प्रेताची विल्हेवाट माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं लावली, आणि तीही तीनदा वाढून घेऊन. कबुली देताना चेहरा पाडायला हवा हे मला कळतं, पण आता हसूच येतं. तेव्हा मात्र माझी अवस्था पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरासारखी होती, आणि पिंजराही मीच लावलेला.

स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली असतील. मी नागपुरात वाढलेली. वांगं म्हणजे बुधवारच्या बाजारातून पिशवीत घरी येणारी जांभळी वस्तू, एवढंच मला ठाऊक. ते झाडाला कसं लटकतं, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. सासरी घरामागं कुंपणाची वाडी होती आणि वाडीत आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं राज्य. त्यांची वांगी बाजारात मिळत नसत. बुटकी, गोल, हिरवट अंगावर पांढऱ्या रेघा आणि देठाला असे काटे की तोडताना बोटातून रक्त यायचं. निखाऱ्यावर भाजली तर लोण्यासारखी. बोडीतल्या, म्हणजे गावच्या लहान तळ्यातल्या, वाळवलेल्या झिंग्यांसोबत शिजवली तर शेजारच्या घरातली माणसं काही ना काही निमित्त काढून आमच्या दारात यायची.

हे बियाणं आत्याबाईंनी लग्नात पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं. त्यांचं माहेर धानोऱ्याकडच्या रानात. आई गेली, भाऊ पांगले, घराच्या जागी आता बोरीची झुडपं. माहेराहून आलेली एकच वस्तू त्यांच्याकडं जिवंत होती, आणि ती दर पावसाळ्यात पुन्हा उगवायची.

त्या वर्षी अळीनं वाडीची धूळधाण केली. शेंडे वाळले, फळं आतून पोखरली. एकाच झाडावर एक निर्मळ फळ राहिलं. आत्याबाईंनी ते तोडलं नाही. वाढवलं, फुगवलं, पिवळं होऊ दिलं, आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची लाल चिंधी त्याच्या देठाला बांधली.

मी विचारलं, "आत्याबाई, हे काऊन नाही तोडत?"

आत्याबाईंच्या गालात सकाळ-संध्याकाळ तंबाखू-चुन्याचा बार असायचा. तो न थुंकता बोलण्याची त्यांची कला मोठी होती, पण शब्दाचं पहिलं अक्षर हमखास त्या बाराखाली चिरडायचं. त्या म्हणाल्या, "ते …जवाईचं हाय. त्याले हात नोको लावू."

जवाईचं! म्हणजे जावयाचं! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ह्या गावात जावयाला पिवळं, पिकलेलं वांगं खाऊ घालायची रीत दिसते, आंब्यासारखं. केवढी हौशी माणसं! दुसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती. नव्या सुनेनं एकच गोष्ट दोनदा विचारली की तिच्या माहेरचा उद्धार व्हायचा.

पंधरा दिवसांनी गावात शंकरपट भरला. बैलांच्या शर्यती बघायला जावईबुवा आले. भरदार मिशा, खणखणीत आवाज, आणि सासुरवाडीच्या बाबतीत अतिशय भित्रा माणूस. आमचे हे बैल घेऊन पटावर गेलेले. आत्याबाई ओसरीवर जावयाशी गप्पा मारत बसल्या आणि आत ओरडल्या, "सूनबाई, जवाईबापूसाठी भाजी चांगली कर वं!"

मी वाडीत गेले. चिंधी सोडली. वांगं तोडलं. बोटातून रक्त आलं, तेही मला शुभ वाटलं.

कापायला घेतलं तर विळा घसरायला लागला. साल चामड्याची. आत बियाच बिया, तपकिरी, टणक. जावयाच्या दातात अडकतील म्हणून मधला चिकट गोळा बोटांनी उकरला, निघाला तेवढा काढला आणि भांडी घासायच्या गार राखेच्या टोपल्यात टाकला. मग फोडी चुलीवर चढवल्या. एक लाकूड जळलं, दुसरं जळलं. झिंगे विरघळायला आले, तरी फोडी होत्या तशाच. शेवटी तिखट-मीठ दुप्पट केलं, लालभडक रश्श्यात फोडी ओळखू येईनाशा झाल्या, आणि देवाचं नाव घेऊन वाढलं.

जावईबुवांनी पहिला घास तोंडात टाकला आणि बराच वेळ तो तिथंच राहिला. मी दाराआडून बघत होते. त्यांचा जबडा इकडून तिकडं गेला, तिकडून इकडं आला. डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा तांब्या रिकामा झाला. पण सासूसमोर जावयानं पानात टाकायचं नसतं, नाव तर ठेवायचंच नसतं. घास गिळून ते म्हणाले, "वा! वयनी, असी भाजी आजवर खाल्लीच नाई."

"वाढ वं अजून!" आत्याबाई खूष होऊन ओरडल्या.

मी वाढलं. ते जेवले. पुन्हा वाढलं, पुन्हा जेवले. तिसऱ्या खेपेला त्यांनी पातेल्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी पुढं फक्त खाटकाच्या दारात बकऱ्याची पाहिली. पातेलं रिकामं झालं. आत्याबाईंनी नंतर मीठ-चटणीशी भात खाल्ला आणि कौतुकानं म्हणाल्या, "माह्यासाठी तोंडी लावालेबी नाई ठेवली. म्हन्जे जमली बाप्पा तुले!"

त्या रात्री मी फार समाधानानं झोपले. असं समाधान मला त्यानंतर कित्येक वर्षं मिळालं नाही.

सकाळी वाडीतून किंकाळी आली. धावत गेले. आत्याबाई झाडाजवळ मटकन बसल्या होत्या. हातात लाल चिंधी. तोंडात अजून तंबाखू पडलेली नव्हती, त्यामुळं शब्द स्वच्छ, अखंड बाहेर आला.

"बिजवाई गेली वं! माह्या मायची बिजवाई गेली!"

बिजवाई. बियाण्यासाठी राखून ठेवलेलं फळ. शब्दातलं पहिलं बी तंबाखूखाली गेलं होतं आणि उरलेल्या जवाईला मी जेवू घातलं होतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "माकडानं नेलं," आणि माझं तोंड आपोआप मिटलं. एकदा मिटलं की पुन्हा उघडणं किती जड जातं, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल. पहिल्या क्षणी ती चूक होती. दुसऱ्या क्षणी लबाडी झाली. दुपारपर्यंत तर मला वाटायला लागलं की सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि सगळे मीच सांगायची वाट बघताहेत.

आत्याबाई काठी घेऊन दिवसभर कुंपणाशी उभ्या. चिंचेवर बसलेल्या निरपराध वानरांना शिव्या घालत होत्या, आणि शिव्यांच्या मधेमधे मला शिकवत होत्या. "बिजवाई उकरून राखंत घोळसाची वं. मंग गाडग्यात घालाची, तोंड बांधाचं, अन् चुलीवरच्या आढ्याले मिरगाच्या पावसापर्यंत टांगाचं. मायनं मले असंच शिकवलं. आता कायले टांगू?" असं म्हणून त्यांनी ती चिंधी डोळ्याला लावली. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या माहेराचा शेवटचा तुकडा मी झिंग्यांत शिजवला होता आणि त्या मलाच समजावत होत्या.

माझं स्वयंपाकघर म्हणजे दोन दारांची खोली. एक दार वाडीत उघडायचं, तिथं काठी घेतलेल्या आत्याबाई. दुसरं ओसरीवर, तिथं पटावरून परतलेले, पोटावर हात ठेवून बसलेले जावईबुवा. मधे मी. कुठल्याही दारानं बाहेर पडले तरी समोर गुन्हाच उभा.

दुपारी पान मांडलं. आज साधं वरण. आत्याबाई जावयासमोर बसल्या आणि सगळी कहाणी सांगायला लागल्या. जावईबुवा मान डोलवत होते. मग एकाएकी त्यांचा हात थांबला.

"कसं होतं ते वांगं, मामी?"

"पिवळंधम्मक. आतमंदी नुस्त्या बियाच बिया. साल असी की ढोरबी तोंड लावत नाई. माकडानं कसं खाल्लं, त्यालेच मालूम!"

जावईबुवांनी हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दाराच्या फटीतून आमची नजरानजर झाली. मी हात जोडले.

"माकडच असन, मामी," ते म्हणाले. "माकडाचा काई नेम नाई."

"त्या माकडाच्या नरड्यात अडकाले पाह्यजे!"

जावईबुवांना ठसका लागला.

"पोट फुगलं पाह्यजे त्याचं!"

त्यांचा हात नकळत पोटावर गेला.

"काऊन जी, जवाईबापू, बरं नाई वाटून राह्यलं का?"

"नाई, नाई, मामी! झ्याक आहो!"

आणि इथं मला हसू फुटलं. दाराआड पदर तोंडात कोंबूनही फुटलं. हसता हसता रडू आलं आणि रडता रडता मी ओसरीवर येऊन उभी राहिले. जावयासमोर डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नव्हतं.

"माकडानं नाही, आत्याबाई. मी तोडलं. तुम्ही म्हणालात जवाईचं. मला जवाईचंच ऐकू आलं. म्हणून जवाईला वाढलं."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग जावयाकडं पाहिलं. जावईबुवा ताटातल्या वरणात काही तरी शोधत होते.

मी मनातल्या मनात ट्रंक भरली. नागपूरला बाबांना काय सांगायचं, त्याचं वाक्यही जुळवलं.

आत्याबाईंनी एकच विचारलं. "बिया? बियाबी शिजवल्या का सगळ्या?"

"नाही. निघाल्या त्या उकरून टाकल्या."

"कुठी टाकल्या?"

सांगायला तोंड उघडलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "राखेत," मी म्हणाले. "भांड्याच्या राखेत!"

मी धावत जाऊन टोपलं आणलं. सकाळची भांडी त्याच राखेनं घासली होती, पण वरवरची घेतली होती. आत्याबाईंनी आत हात घातला. बोटं खालपर्यंत नेली. कितीतरी वेळ त्या नुसत्या चाचपत राहिल्या, आणि मी त्यांचा चेहरा बघत राहिले. मग मूठ बाहेर आली. तळव्यावर फुंकर मारली. राख उडाली आणि खाली राहिल्या त्या चपट्या, कोरड्या, तपकिरी बिया. त्यांच्या आईनं शिकवलं होतं तसंच सगळं झालं होतं, फक्त करणारीला ठाऊक नव्हतं.

आत्याबाईंनी बिया चिंधीत बांधल्या, गाठ मारली आणि ती कमरेला खोचली. चेहरा अगदी गंभीर. मग जावयाकडं वळल्या.

"अर्धी बिजवाई इथी हाय," त्या म्हणाल्या. "अर्धी जवाईबापूच्या पोटात हाय. सूनबाई, दोर आन. यायलेबी राख फासू, तोंड बांधू अन् मिरगापर्यंत चुलीवरच्या आढ्याले टांगू."

जावईबुवा भरल्या ताटावरून उठले. चोवीस तास कोंडलेला तो सभ्य माणूस हात जोडून एका दमात ओरडला,

"मामी, मले जवाईच राहू द्या जी, बिजवाई नोका करू!"