घाऱ्या डोळ्याचा राजा

मंडळी, मी जनावरांची डॉक्टर. लोणंदपासून जतपर्यंत मेंढपाळांच्या ओझं वाहणाऱ्या घोड्यांत मला अधूनमधून एक डोळा घारा असलेलं जनावर दिसायचं. सगळे एकाच नराच्या वंशातले असावेत, असं वाटून वर्षभर विचारत होते. कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज कुंडलजवळच्या तळावर सत्तरीतले एक आबा भेटले. घाऱ्या डोळ्याचं विचारलं तर म्हणाले, "आवं मॅडम, त्यो आमचा राजा. डोळ्यामुळं लोक अपशकुनी म्हनायचे. वडील म्हनले, इकून टाक. म्या न्हाई इकला."

"मग त्याच्याकडं घोड्या कोण आणायचं?"

"तीच मान्सं. लय काटक हुता, म्हनून गुपचूप आनायची. पर शिंगराचा बाप कोन, ते कुनी सांगत न्हवतं."

राजा जाऊन बरीच वर्षं झाली. मी मोबाइलमधले घाऱ्या डोळ्याच्या नऊ घोड्यांचे फोटो दाखवले. आबा एकेक फोटो मोठा करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, त्येच्या मागं कुनी उरलं न्हाई."

तुमच्या भागात असा घोडा आहे का? असला तर फोटो पाठवा. आबा वाट बघतायत.