लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे

गुलाबराव,

तुम्हाला आता बोलता येत नाही, तेव्हा "तसं नव्हतं बाई" म्हणून मध्येच अडवता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. हे पत्र टपालात टाकायचं नाही. दीक्षाच्याही हाती द्यायचं नाही. ती वाचेल आणि मग तिला सगळं सांगत बसावं लागेल. शिवाय "तुम्ही, तुम्ही" म्हणत लिहायला लागले की मला तुमचा राग येतो. म्हणून इथून पुढे तुम्ही गुलाबराव आणि मी मीराबाई, जणू कुणी तिसरीच माणसं. चुकलं तर ऐकून घ्या.

गुलाबराव मेश्राम रेल्वेत गेटमन होते. रायपूरबाहेरच्या एका फाटकावर त्यांची सव्वीस वर्षं गेली. लोकांना वाटतं, गेटमनचं काम म्हणजे फाटक लावायचं आणि उघडायचं. ते अर्धंच. उरलेलं अर्धं असं की गाडी जाताना बाहेर उभं राहायचं आणि एकेक डबा नजरेखालून घालायचा. चाकापाशी धूर निघतोय का, खाली काही लोंबतंय का. सगळं ठीक असेल तर मागच्या गार्डाला हिरवी झेंडी. खोट दिसली तर लाल.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गुढियारीतल्या घरामागून मालगाडी निघाली की ते जेवता जेवता उठत आणि उष्ट्या हातानं दारात उभे राहत. सून कावायची, "बाबूजी, भात थंडा होऊन राहिला ना!" शेवटचा डबा जाईपर्यंत ते हलत नसत. घरच्यांना ती म्हाताऱ्याची सवय वाटे.

सवय नव्हती ती. बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी गुलाबरावांनी न पाहता हिरवी झेंडी दाखवली होती. केबिनीत स्टोव्हवर चहा उतू जात होता, आणि मान तिकडे होती. तीस-चाळीस डबे नुसते कानामागून गेले. त्या धडधडीत एक आवाज वेगळा होता. टक्, टक्, टक्. लोखंडावर लोखंड. वळून पाहीपर्यंत गार्डाचा डबा समोर आला, आणि हातात हिरवी तशीच धरलेली.

चार किलोमीटर पुढे त्याच गाडीची सुटून लोंबणारी पट्टी रुळाकडेला उभ्या असलेल्या, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनला लागली आणि तो जागीच गेला. निरंजन डोंगरे. गुलाबरावांच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, बरोबरच नोकरीला लागलेला. चौकशीत तीन फाटकांवरच्या तीन गेटमननी, त्यात गुलाबरावही, एकच सांगितलं, आमच्यासमोरून गाडी ठीक गेली. पट्टी नेमकी कुठे सुटली ते कुणालाच ठरवता आलं नाही. फाइल मिटली. टक्-टक् मात्र मिटलं नाही. ते नळाच्या थेंबात यायचं, सुनेच्या कढईत यायचं.

निरंजनची बायको माया दोन घरं सोडून राहते. दर थंडीत नवऱ्याच्या नावानं पुण्यानुमोदन करते. बुद्धवंदना होते, खीर होते, आणि पहिली वाटी गुलाबरावांपुढे येते. "दादा, तुमी त्याहीचे पक्के दोस्त." दरवर्षी ते ती वाटी संपवायचे.

मागच्या डिसेंबरात नवा रायपूरच्या मोकळ्या माळावर घोड्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. गुलाबरावांची नात दीक्षा जनावरांची डॉक्टर, तिची तिथं ड्यूटी. तिनं दोन पास आणले. एक आजोबांना आणि एक चौबे कॉलनीतल्या मीराबाईंना, ज्यांनी तिला बारावीत समोर बसवून बायॉलॉजी पाठ करून घेतली होती. दोघं म्हातारे बसनं निघाले. बस रिकामी, रस्ते हे एवढे रुंद. गुलाबरावांनी गळ्यात लाल गमछा घेतला होता, थंडी होती म्हणून.

"आजोबा, तीन दिन का खेल है," दीक्षानं दोरीपाशी उभं राहून सांगितलं. "काल घोड्यांनी शिस्त दाखवली, उद्या मैदानात उड्या. आज रानातली दौड. लाकडं, खड्डे, पाणी, सगळं फांदत जायचं. घोडे सगळे आपल्याकडचे, परदेशी लोकांना चिठ्ठ्या टाकून दिलेत."

"अन् त्या झेंड्या?"

"हर अडथळ्याला दो झेंडी. राइटला लाल, लेफ्टला सफेद. बीच में से कूदना है."

समोरच्या ओंडक्यावरून एक घोडा सुसाट गेला. लाल झेंडीच्या अगदी अंगावरून.

"लाल हाये न तिथं?" गुलाबरावांनी विचारलं.

"हाँ."

"मंग थांबला काहून नाही?"

"अरे आजोबा, वो रोकने के लिए नहीं है! थांबवायचं असलं तर लाल झेंडी हातात घेऊन हलवतात." ती हसत हसत तिच्या तंबूकडे पळाली.

"ही रेल्वे नव्हे, गुलाबराव," मीराबाई म्हणाल्या. "बसा खुर्चीवर."

ते बसले, आणि दुसरा घोडा आला तसे उठले. मग तिसरा. माळावर नजर जाईल तिथपर्यंत लाल झेंड्या रोवलेल्या, आणि एकही घोडा थांबत नव्हता. प्रत्येक घोड्याचे चारही पाय ते खालून वर बघत, आणि घोडा पुढे गेला की उजवा हात आपोआप कमरेपर्यंत उचलला जाई.

"अंकल, बैठ जाइए, आप पारदर्शी नहीं हैं," मागून एक बाई म्हणाली.

"तुम्हीच उभ्या राहा, पायाला व्यायाम होईल," मीराबाईंनी तिला परस्पर उत्तर दिलं.

मग एक काळा घोडा आला, वर विशीतली परदेशी पोरगी. पाण्यातून उसळून तो काठावर चढला, आणि गुलाबरावांना ऐकू आलं. टक्. टक्. टक्.

मागच्या पायाचा नाल सुटलाय, हे त्यांच्या मनात आलं ते नंतर. त्याआधी ते दोरीखालून आत शिरले होते. लाल गमछा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवत होते, आणि ओरडत होते, "रोको! रोको!"

पोरीनं घोडा थांबवला. थांबवावाच लागतो, नियम आहे तो. शिट्ट्या वाजल्या. दोन अधिकारी धावत आले.

"आप हैं कौन?"

"गेटमन," गुलाबराव म्हणाले.

दीक्षा आली. आजोबांकडे न बघता तिनं घोड्याचे चारही पाय एकेक करून उचलले, नाल ओढून पाहिले, खोगिराचे पट्टे चाचपले. "चारो पक्के हैं," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "कुछ भी ढीला नहीं है."

"मांगचा डावा पाय, बेटा. पुन्हा पाह्य."

तिनं पुन्हा पाहिला. "आजोबा, काहीच नाहीये."

"आवाज आला न मले!"

"मला नाही आला," मीराबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना तेव्हा सुचलं नाही.

थांबलेला वेळ अधिकाऱ्यांनी वजा केला, पण घोड्याचा जोश कसा परत द्यायचा? पुढच्या ओंडक्यापाशी तो अडला. पुन्हा आणला, पुन्हा अडला. तिसऱ्यांदा अडल्यावर घंटा झाली आणि पोरगी बाद. ती उतरली, टोपी काढली आणि घोड्याला चालवत, रडत, त्यांच्या समोरून परत गेली. गुलाबराव लाल गमछा छातीशी धरून उभे होते. तो घोडा पूर्ण जाईपर्यंत उभेच.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. मग एकदम सगळं सांगितलं. चहा, हिरवी झेंडी, निरंजन, खिरीच्या वाट्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका कपाळावर आठ्या घातलेल्या बाईला.

"आज काहीच सुटलं नव्हतं, तरी मले ऐकू आलं," ते म्हणाले. "मंग त्या रोजी आलं होतं का, का मी मांगून बनवलं? बाई, मले आता तेही समजून नाही राहिलं. पण पाह्यलं नव्हतं, हे तर खरं हाये न?"

"हे खरं आहे."

"माया ले सांगायचं हाये. येत्या रविवारी पुण्यानुमोदन हाये. त्याच्या आंधी. मी एकटा गेलो तर चहा पिऊन परत येतो, धा खेपा झाल्या. तुमी चला संगं. मी अडलो तर तुमी बोला."

"बावीस वर्षांनी ऐकून ती काय करणार?" मीराबाईंनी विचारलं.

"ते तिचं ती पाह्यल. पण तिची खीर मी आता खाऊ नाही शकत."

"गुरुवारी चारला येते," त्या म्हणाल्या.

गुरुवारी गुलाबराव तीनपासून ओट्यावर बसले होते. धुतलेला सदरा, पायात चपला. समोरून मायाची दोनदा जा-ये झाली. "जयभीम दादा, कोठी निघाले?" "हव, जरा जाऊन राहिलो." सव्वाचारला फोन आला. मीराबाईंकडे इन्व्हर्टर दुरुस्त करायला माणूस आला होता, चार दिवस टाळून एकदाचा उगवलेला. "उद्या जाऊ ना, गुलाबराव. एका दिवसानं काय होतं?"

"हव," ते म्हणाले. चपला काढल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत तसेच बसून होते.

पहाटे झटका आला. उजवं अंग गेलं, आणि वाचा.

रविवारी पुण्यानुमोदन झालं. दुपारी माया स्टीलचा डबा घेऊन दवाखान्यात आली. मीराबाई खाटेजवळच्या स्टुलावर होत्या. मायानं डबा उघडला, खीर चमच्यानं पातळ केली, गुलाबरावांच्या हनुवटीखाली रुमाल लावला. ते डोळे ताणून मीराबाईंकडे पाहत होते. बोला, मी अडलोय, बोला.

"घ्या दादा, थोडीशी," माया म्हणाली. चमचा ओठांशी नेला. मग तिला काही आठवलं. "बाई, गुरुवारी दादा चांगले कपडे घालून तुमची वाट पाहून राहिले होते. दिवस बुडेपर्यंत. कोठी जायचं होतं तुमाले?"

खोलीत इतर दोन पेशंट होते. दीक्षा दारात उभी होती. चमच्यातली खीर गुलाबरावांच्या तोंडात गेली होती आणि ते ती गिळत नव्हते.

"चष्म्याच्या दुकानात," मीराबाई म्हणाल्या.

"मंग झालं का काम?"

"नाही. राहूनच गेलं."