मापं चुकलेला माणूस

“मॅडम, हे इथं का थांबलंय?”

पेनाचं टोपण एखाद्या वस्तूकडं रोखून ते असं विचारायचे. वस्तू म्हणजे काहीही. रिकामा ट्रे, भरलेलं खोकं, जिन्यात बसलेलं मांजर. एकदा आमचे मालकच दारात फोनवर बोलत उभे होते, तर टोपण त्यांच्याकडंही वळायला लागलं. मी मोठ्यांदा खोकले म्हणून निभावलं.

मी लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे. माझ्या टेबलावर सहा बाया, बहुतेक जवळच्या कुरवंडे गावच्या. हे गृहस्थ आमच्याकडं दोन महिन्यांसाठी आले होते. कारखान्यातलं काम कसं चालतं ते कॉम्प्युटरवर उभं करायचं, त्यात फेरफार करून बघायचे आणि कुठली पद्धत बरी ते मालकांना सांगायचं, असं त्यांचं काम. पन्नाशीचे, अंगानं किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो.

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ह्यांना कुठलीच गोष्ट नुसती दिसत नाही. वड्याच्या गाडीवर आम्ही उभे असलो की हे मोजणार: पुढं किती जण, तळणारा एक, पाव कापणारा एक, मग खोळंबा नेमका कुणापाशी? तोवर हातातला वडा गार व्हायचा. सोमवारी आमच्याकडं एवढी धावपळ का, हेही त्यांना पडलेलं कोडं. मी म्हटलं, “अहो सर, शनिवार-रविवारी भुशी धरणावर माणसांचा पूर येतो, जाताना दुकानं रिकामी करतो. ती सोमवारी आम्ही भरतो.” ह्यांनी ते वहीत असं लिहून घेतलं, जणू मी काही शोधच लावला होता.

महिन्याभरानं त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. अगंबाई, आमचा अख्खा कारखाना त्यात होता! पाकाची कढई म्हणजे एक चौकोन, लाटायचा ओटा दुसरा, चिक्कीचे ट्रे म्हणजे पळते ठिपके, आणि पॅकिंगच्या टेबलाभोवती सहा बाहुल्या. बटण दाबलं की महिनाभराचं काम चार मिनिटांत होऊन जायचं.

“कारखान्यात करून बघायला गेलं तर नुकसान होतं,” ते म्हणाले. “इथं कितीही चुकलं तरी चालतं.”

शेवंतामावशी, आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, चष्मा पुसत पुढं सरकली. “आन् ह्यातली मी कुटली?”

“तुम्ही तिसऱ्या, मावशी.”

“लय झपाट्यानं करतीय की! तिचं कंबरडं न्हाई दुखत व्हय?”

सगळ्या बाया खिदळल्या. सरही हसले, पण त्यांचं टोपण त्या तिसऱ्या बाहुलीवर जरा रेंगाळलं.

आता इथं मला माझं पाप सांगितलं पाहिजे. ज्या दिवशी सर घड्याळ घेऊन आमच्या टेबलावर कशाला किती वेळ लागतो त्याची मापं घ्यायला येणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी बायांना बजावलं होतं, “उद्या माझं नाक कापू नका. गप्पा नाहीत, उठणं नाही, भराभर हात चालवा.” खोकी मी आधीच दुमडून ठेवली. शेवंतामावशीला तर वेगळं सांगितलं. तिची सवय अशी, की चिक्कीचा प्रत्येक तुकडा अंगठ्यानं दाबून बघायची. आमच्या घाटावरच्या दमट हवेत चिक्की सर्दावते, मऊ पडते. असला तुकडा ती बाजूला टाकायची. त्यात वेळ जायचा. मी म्हटलं, “मावशी, उद्या चाचपत बसू नका, नुसतं भरा.” बिचारीनं ऐकलं. शाळेत इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर मास्तर वर्ग झाडून घेतात ना, तसं मी केलं. टेबल चांगलं दिसावं, एवढीच माझी अक्कल.

आणि टेबल इतकं चांगलं दिसलं, की पडद्यावर चार बाहुल्यांत सगळं काम उरकायला लागलं. उरलेल्या दोघी नुसत्या उभ्या!

मालकांनी मला बोलावलं. “सोमवारपर्यंत दोन नावं द्या. कुणाला कमी करायचं ते.”

सगळ्यात सावकाश कोण, तर शेवंतामावशी. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, आणि तिच्यावर ही वेळ माझ्यामुळं आलेली. मी तडक सरांच्या टेबलापाशी गेले आणि एका दमात सगळं ओकले. वाटलं, आता हा माणूस माझी खरडपट्टी काढणार.

सरांनी वही उघडली. “नेमकं काय काय सांगितलं होतंत? परत सांगा, सावकाश.” मी सांगत गेले, ते लिहीत गेले, आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. “मॅडम, हे तर फारच छान आहे!”

छान? मला तर त्यांच्या डोक्यात ट्रे घालावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सर घड्याळ घरी ठेवून आले. डोक्याला टोपी घालून तीन दिवस आमच्या टेबलावर पॅकिंग करत बसले. सकाळी ट्रे किती आले आणि संध्याकाळी खोकी किती गेली, एवढंच मोजायचं, म्हणाले. त्यांच्या हातून अर्धी पाकिटं फाटायची. शेवंतामावशी म्हणायची, “सर, तुमच्या भरवशावर ऱ्हायलं तर दिवाळीची चिक्की होळीला जाईल.” तरी त्यांनी तिच्याकडून अंगठ्यानं दाबून बघायला शिकून घेतलं. तिला तुकडा मऊ लागायचा, ह्यांना काही कळायचं नाही. डोळे मिटून परत परत दाबायचे, लहान मुलासारखे.

सोमवारी मालकांसमोर त्यांनी दोन चित्रं शेजारीशेजारी चालवली. डावीकडं सहा बाया, उजवीकडं चार. ह्या वेळी चाचपणीला वेगळा चौकोन होता, आणि दुकानांतून मऊ म्हणून परत येणाऱ्या खोक्यांचा रस्ताही. तो आधीच्या चित्रात नव्हताच. उजवीकडं चार बाहुल्यांपुढं ट्रे साचत गेले. मग त्यांनी चाचपणी काढून टाकली. ट्रे सुटले, पण परतीच्या रस्त्यावर खोकीच खोकी.

“सहाच राहू देत,” मालक म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी मान वळवली. “पण मग आधी चार कशा पुरत होत्या?”

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडं न बघता हात जरासा वर केला.

“मापं घेताना चूक झाली. माझी.”

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलेच. “का हो असं म्हणालात?”

“बघणारा समोर असला की माणूस वेगळं वागतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझं कामच आहे ते.” मग हळूच म्हणाले, “आणि तुमचं नाव घेतलं असतं तर सातवी, तुमची बाहुली पुसावी लागली असती.”

मी मालकांकडं परत गेले नाही. घरी मुलगी शिकत होती, नोकरी हवी होती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. मालकांच्या दुसऱ्या कारखान्याचं काम सरांनाच मिळायचं होतं, ते त्या चुकीपायी मिळालं नाही. आठवड्यानं ते सगळ्यांना नमस्कार करून गेले. शेवंतामावशीनं त्यांना शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट दिलं, एकेक तुकडा दाबून बघितलेलं.

ह्या गोष्टीला तीन वर्षं झाली. मावशी अजून तिसऱ्या जागेवर बसते. आणि गेल्या महिन्यात मी मालकांच्या खोलीत असताना त्यांना फोन आला. उर्से गावाकडच्या कुठल्याशा कारखान्याचे साहेब होते. त्यांना तसंच काम करून घ्यायचं होतं, सरांचं नाव त्यांच्या कानावर आलं होतं.

“माणूस सज्जन आहे,” मालक म्हणाले, “पण मापं चुकतात त्याची. दुसरा कुणी बघा.”

“मालक, मापं त्यांची नव्हती चुकली,” मी म्हटलं. “मी चुकवली होती.”

आवाज माझाच होता, पण मलाच तो परका वाटला. मालकांनी फोनवर हात ठेवला. मी सगळं सांगितलं, नाक कापू नका म्हटलं होतं तिथपासून. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ते नुसते म्हणाले, “तीन वर्षं!” आणि फोन माझ्या हातात दिला. “तुम्हीच सांगा त्यांना.”

मी पलीकडच्या साहेबांनाही सगळं सांगितलं. न थांबता, न लाजता. असा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही, असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं झालं बोललात, मॅडम,” ते म्हणाले. “आम्ही त्यांनाच बोलावतो. आमच्याकडं त्यांचा जो नंबर आहे तो लागत नाही. सध्या कुठं असतात ते?”

मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.