पातीला एक वाक्य

इंग्रजीतलं 'टेक' हे क्रियापद मी वालूरच्या शिवारात कापूस वेचताना शिकले, आणि हे सांगताना माझी मान आजही आपोआप वर होते. पुढे मी स्वतः इंग्रजी शिकवलं. जाडजूड शब्दकोश चाळले, पण त्या बायांनी शिकवलं तसं कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नाही.

दहावीला मी एकट्या इंग्रजीत आपटले. आमच्याकडे त्यात नवल काही नव्हतं. निम्मा वर्ग त्याच खड्ड्यात पडलेला असायचा. पण माझा राग नाकाच्या शेंड्यावर. टेक म्हणजे घेणे, एवढं मी घोकून ठेवलं होतं, आणि पेपरात त्याच शब्दाची निरनिराळ्या अर्थांची वाक्यं विचारली होती. एका वाक्यानंतर माझं पेन अडलं ते अडलंच. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात ठणकावून सांगितलं की पुढच्या मार्चला एकदाच पेपर द्यायचा. पास झाली तर सेलूच्या कॉलेजात जाईल, नाहीतर देवगाव फाट्याकडचं स्थळ पक्कं करायचं. दादा शब्दाला पक्के होते, म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्के. मला रात्रंदिवस त्या स्थळाचीच धास्ती.

मी शाळेतल्या सरांकडे गेले. ते म्हणाले, हा शब्द घरातल्या थोरल्या सुनेसारखा आहे, पडेल त्या कामाला त्यालाच पुढं करतात. आपण फोटो काढतो, बस धरतो, आंघोळ करतो, कामाला वेळ लागतो. इंग्रजीत सगळीकडं हा एकटाच राबतो. परीक्षासुद्धा आपण देतो आणि इंग्रजीत ती 'टेक' करतात. मी तणतणले की ज्यांना देणं-घेणं कळत नाही त्यांच्या भाषेत मला नापास का करता. सर हसले. अर्थ पाठ करू नकोस, प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी कामाला बांध, असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

दिवाळीनंतर वेचणी लागली. वेचणी आम्ही सावडीनं करायचो, आज आमच्या रानात तर उद्या शेजारच्या काकूंच्या. प्रत्येकीनं कापसाची एक ओळ, म्हणजे एक पात, धरायची आणि बांधापासून बांधापर्यंत वेचत न्यायची. कुणाच्या शेजारी कोण हे सुगीभर ठरलेलं. जिची पात आधी संपेल तिनं मागं राहिलेलीच्या पातीत समोरून वेचत यायचं. कुणाचीही पात अर्धी ठेवून घरी जायचं नाही, असा सावडीचा कायदाच होता.

मी तोंडानं वाक्यं पुटपुटत वेचायचे, म्हणून रोज मागं मीच. एक दिवस काकूंनी विचारलं की ही कसला मंत्र म्हणते. मायनं काही आडपडदा न ठेवता नापासाचं, दादांच्या शब्दाचं, स्थळाचं सगळं सांगून टाकलं. मी शरमेनं लाल. माय म्हणाली, "हिची पात मागंच ऱ्हाणार हाय यंदा. आपून वडून घेऊ."

काकूंनी हातातला कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत टाकला. "मंग एक एक वाक्य आमच्या पातीवर ठेव की. मला बस दे. जिंतूरला माहेरी जाऊन लय दिस झाले."

अशी वाटणी झाली. बांधाकडच्या म्हातारीला चहा, कारण तिला तो दर तासाला लागायचा. तिच्या शेजारच्या नव्या सुनेला फोटो. लग्नातला एकुलता एक फोटो ती पेटीत जपून ठेवायची. मग काकूंची बस. मग औषध, मग आंघोळ, आणि शेवटच्या पातीवर मायला 'इट टेक्स टाइम', म्हणजे वेळ लागतो. माय चुलीपुढंही तेच म्हणायची, 'टेक टाइम, टेक टाइम'. मी 'स' राहिला म्हणून सांगितलं की म्हणायची, तो तू लाव, मला भाकरी थापायच्यात. पातीच्या टोकाला पोचलं की प्रत्येकीचं वाक्य म्हणून दाखवल्याशिवाय त्या मला वळू द्यायच्या नाहीत. आणि संध्याकाळी सगळ्याजणी माझ्या पातीत समोरून वेचत यायच्या. त्यांना तसं येताना पाहून मला रडूही यायचं आणि माजही चढायचा.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्या होत्या, एसटी कधी बंद होईल याचा नेम नव्हता, म्हणून दादांनी मला सेलूला आदल्या दिवशीच नेऊन ठेवलं. पेपरात प्रश्न पुन्हा तोच. मी डोळे मिटले आणि आमच्या बांधावर उभी राहिले. म्हातारीपासून सुरुवात केली. एकेक बाई आपापलं वाक्य देत गेली आणि मी उतरवून घेत गेले. शेवटी माय आली. तिचा 'स' मी लावला.

पास झाले. दादा स्वतः देवगाव फाट्याला जाऊन नकार सांगून आले आणि येताना पेढे घेऊन आले. पहिला पेढा त्यांनी देवापुढं ठेवला, बाकीचे सावडीतल्या बायांना वाटले. आमचे दादा असं करतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

कॉलेजच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा वेचणीला गेले. सुट्टी संपली त्या दिवशीही सकाळी पात धरली. दुपारच्या बसच्या आत ती काढू असा हिशेब होता. निम्म्यात होते तेवढ्यात बसची वेळ झाली. माझे हात थांबेनात. बस गेली तर गेली, पण अर्धी पात टाकून कोण जाईल?

काकू पलीकडच्या पातीतून माझ्या पातीत आल्या. त्यांनी माझी ओटी सोडून आपल्या खांद्यावर टाकली.

"ते माझं वाक्य हाय," त्या म्हणाल्या. "मला काई जिंतूर घडलं न्हाई. तू तर बस धर."

अर्धी पात सोडून त्या रानातून निघालेली मी पहिलीच. रस्त्याला लागल्यावर मागं वळून पाहिलं, तर काकू माझ्या जागी वाकल्या होत्या आणि समोरून माय माझ्याच पातीत वेचत येत होती.