वाटूरच्या वरातीत बँडची परीक्षा

मुलाने स्वतःच्या लग्नात एकच हट्ट धरला होता. हॉल, जेवण, आहेर, सगळं त्याने माझ्या याद्यांवर सोडलं. बँड मात्र त्याला तोच हवा होता. दोन कीबोर्ड, ताल धरायला एक इलेक्ट्रॉनिक पॅड आणि लॅपटॉप. ना ढोल, ना ट्रम्पेट. माझा थोरला भाऊ, म्हणजे त्याचा मामा, फटकन म्हणाला, "लॅपटॉपला वाजवायला माणूस कशाला लागतो?" दादा शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला. गाण्याबजावण्यात आमच्या घरी त्याचाच शब्द शेवटचा.

आमच्याकडे बँड ठरवण्याआधी दुसऱ्याच्या वरातीत जाऊन ऐकतात. तो बँड वाटूरला वाजणार होता, म्हणून जालन्याहून दादाला घेऊन निघाले. सोबत शेजारच्या मारवाडी भाभी. मी कागदावर रकाने आखले होते: आवाज, ताल, गाणी, जनरेटर.

वरात निघाली. टेम्पोवरच्या स्पीकरने छाती हादरत होती.

"हे वाजवून न्हाई राह्यले, बटनं दाबून राह्यले," दादा ओरडला. "गाणं भरून आणलंय. हे चहाला गेले तरी चालूच राहील."

"भाईसाब, बायका नाचून राह्यल्या ना? मंग बस," भाभी म्हणाल्या. "नवरदेवाची आत्या तर बघा."

"ती आत्या एसटीच्या हॉर्नवर पण नाचल."

मला एका जागी उभं राहवेना. टेम्पोच्या पुढे जायची, मागे यायची, दादाचा चेहरा बघायची. रकाने कोरेच. तेवढ्यात मुलाचा पुन्हा फोन.

"आई, मामा काय म्हणाला?"

"ऐकतोय अजून. सारखा फोन करू नकोस."

तेवढ्यात पॅड थांबलं. मग एक कीबोर्ड थांबला. दुसऱ्याने आवाज खाली आणत ओळ पुरी केली आणि सगळं शांत झालं. मी लगेच जनरेटरपुढे फुली मारली. दादाला आयतंच निमित्त मिळालं होतं.

"जनरेटर चालू आहे, ऐका की," भाभी हळूच म्हणाल्या. "ते घर बघा."

पुढच्या घरासमोर सतरंजीवर माणसं गुमान बसली होती. तिथे नुकतीच मयत झालेली. अशा घरावरून वाजवत जायचं नसतं, हे गावात सगळ्यांना माहीत. पण भरलेलं गाणं मध्येच बंद केलं की कापल्यासारखं तुटतं. इथे काहीच तुटलं नव्हतं. आत्यासुद्धा पाय टाकता टाकता आपोआप थांबली होती. वादक टेम्पोतून उतरले आणि त्या घरावरून पायी गेले.

वळण ओलांडल्यावर ते वर चढले. पॅडवर ठोके पडले आणि तेच गाणं पुढच्या ओळीपासून सुरू झालं.

दादा टेम्पोच्या जवळ सरकून चालू लागला. माझ्या हातातल्या कागदाची सुरळी झाली होती.

"समेवर आणून सोडलं," तो म्हणाला. "भरलेल्या गाण्याला हे जमत न्हाई."

"म्हणजे चालेल?"

"आवाज कर्कश आहे. अन् वाजवणाऱ्यांचे ते निळे कोट बिलकुल नको."

फोन वाजला. मी उचलायच्या आत दादानेच तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"हां, मामा बोलतोय. त्यांना सांग, बेस कमी ठेवा म्हणावं. माझ्या भाच्याच्या वरातीत मी टेम्पोच्या पुढं चालणार आहे, कान फुटायला नको."

पलीकडून मुलगा इतक्या जोरात ओरडला की मलाही ऐकू आलं. मी फुली खोडली.

"मंग घोडी कोण सांगून राह्यलं?" भाभींनी विचारलं.

घोडी यादीत नव्हतीच. मी कागद उलटा केला.