न ओरडणाऱ्या बाईचा अंगठा

बहात्तरच्या दुष्काळात मुरूम गावाकडच्या रस्त्याच्या कामावर माझ्या आईच्या उजव्या अंगठ्यावर हातोडा बसला. उजवा हात भरून आल्यानं ती डाव्या हातानं खडी फोडत होती, मी शेजारी बसून ती ढिगावर टाकत होते. तिनं ओठ घट्ट मिटले, पदराची चिंधी फाडून अंगठा गुंडाळला आणि पुन्हा हातोडा उचलला. माप व्हायच्या आत उठलं तर ढीग दुसऱ्याचा होई. आणि चार पुरुषांदेखत बाईनं बोंब मारणं आमच्यात लाजेचं.

दुपारी कंपाउंडर आला. जीपमधून दवाखान्यात कुणाला न्यायचं, हे तो ओरडण्यावरून ठरवायचा. मुकादमाच्या पायाला गळू झालं होतं आणि त्यानं सगळा माळ डोक्यावर घेतला होता. जीपमध्ये तो बसला. आईच्या अंगठ्यावर लाल औषध ओतून कंपाउंडर म्हणाला, "वरडंनास, म्हंजी लई लागलेलं न्हाय."

"सायब, दुखंना, पर जीव कसातरीच व्हतोय."

"उन्हानं व्हतंय," म्हणत तो हसला.

दिवस कलला तशी ती कळवळायला लागली. आठवड्यात अंगठा काळा पडला आणि शेवटी कापावा लागला. त्या हातात पुन्हा खुरपं नीट बसलं नाही.

पुढं मी धाराशिवला कॉलेजात शिकत होते. सरांनी फळ्यावर तीन नावं लिहिली: एंडॉर्फिन, एन्केफॅलिन, डायनॉर्फिन. म्हणाले, ही शरीरानं स्वतःच केलेली अफू. चेतापेशींवर तिला बसायला जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात: म्यू, डेल्टा, कॅप्पा. तिघंही इकडंतिकडं थोडीफार बसतात, पण प्रत्येकाचा ओढा वेगळा. एंडॉर्फिन म्यूवर बसलं की वेदना बोथट होते, वर बरंही वाटतं. एन्केफॅलिन जास्त करून डेल्टाकडं जातं. डायनॉर्फिन कॅप्पावर बसलं की वेदना दबते, पण जिवाला चैन पडत नाही.

माझा हात लिहिता लिहिता थांबला. आईचं ते जीव कसातरीच होणं कॅप्पामुळं होतं की भीतीमुळं, मला आजही सांगता येत नाही. पण काहीतरी बिनसलंय हे ती तोंडानं सांगत होती, आणि चार बुकं शिकलेला माणूस तिला हसला होता.

तेवढ्यात सर म्हणाले, "म्हणूनच राबणाऱ्या लोकांना दुखणं फारसं जाणवत नाही."

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "सर, थोडा वेळ जाणवत नाही. अंगठा चिरडलेलाच असतो."

"भावनेच्या आहारी जाऊ नका," सर म्हणाले. वर्ग हसला. मला अजून त्या हसण्याचा संताप येतो. शरीर जी सवड देतं ती दवाखाना गाठायला देतं, आणि या शहाण्यांनी तिलाच दुखत नसल्याचा दाखला करून टाकलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला सगळं समजावून सांगितलं. दुखणं काही काळ आतून कसं झाकलं जातं, कंपाउंडरनं कशी चूक केली, माणसाच्या ओरडण्यावर कधी जाऊ नये. ती ज्वारी निवडत होती, चार बोटांनी.

"मला तर वरडता येत नव्हतं," ती म्हणाली. "तू लेकरू व्हतीस. तुला कुणी नावं ठेवली नसती. तू का न्हाय वरडलीस?"